सिलेक्टाव्हिजन चित्रतबकडी
अमेरिकेतील आरसीए कंपनीने मार्च १९८१ मध्ये विक्रीस आणलेली व आता संग्राहकांपुरती उरलेली घरगुती व्हिडिओ तबकडी. हिच्यात लेसर नाही. ग्रामोफोनप्रमाणे खाचेतून सुई फिरते. कार्बनमिश्रित पीव्हीसीची तबकडी आणि सुईवरील धातूचा थर यांच्यातील विद्युत् धारिता बदलत जाते व त्यातून चित्र आणि आवाज मिळतो. बोट लागू नये म्हणून तबकडी प्लॅस्टिकच्या कवचासह यंत्रात सरकवायची आणि रिकामे कवच बाहेर ओढायचे, अशी मोठी चतुर योजना होती. मात्र घरी रेकॉर्डिंगची सोय नसल्याने व्हीसीआरपुढे तिचा निभाव लागला नाही. यंत्रांचे उत्पादन १९८४ मध्ये, तबकड्यांचे १९८६ मध्ये थांबले. संग्राहकाची खरी कसोटी यंत्रापाशी लागते : रबरी पट्टे सैल पडतात, सुई झिजते आणि धुळीने चित्र उड्या मारते.