भेंडे, नंदू

(मृत्यू ११ एप्रिल २०१४, मुंबई). रॉक गायक, संगीतकार व नट. रंगकर्मी आत्माराम व आशा भेंडे यांचे पुत्र. १९७० नंतरच्या मुंबईत सॅव्हेज एन्काउंटर, व्हेल्वेट फॉग या बँडांतून ते गात. त्या काळी इथल्या रॉक बँडची स्वतःची तबकडी निघणे ही चैनच होती. सिमला सिगारेटने भरवलेल्या स्पर्धेतील बँडांच्या मात्र एकत्रित एलपी निघाल्या (१९७० व १९७१), त्यांचे नावही ‘सिमला बीट’. आज संग्राहक त्या शोधत फिरतात.

दिग्दर्शक अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मधील ज्यूडासच्या भूमिकेने (१९७४) भेंडे प्रकाशात आले. हे संगीतनाट्य रंगभूमीवर येण्याआधी, १९७० मध्ये, दोन तबकड्यांच्या संचात निघाले होते: तपकिरी कव्हर, त्यावर समोरासमोर सोनेरी देवदूत. त्यात ज्यूडास गायला होता मरे हेड. १९७८ मध्ये थिएटर ॲकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगवले. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरून बेतलेल्या या प्रयोगात भेंडे नायक अंकुश झाले. लावणीच्या शेजारी त्यांचा पाश्चात्त्य ढंगाचा आवाज उपरा वाटला नाही, आणि माझ्या मते मराठी रंगभूमीला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

पुढची कारकीर्द मात्र बहुतेक पडद्याआड गेली. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधील ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे बप्पी लाहिरींचे गाणे त्यांनी गायले. एलपीच्या सुमारे ३१ सेंटिमीटर चौरस कव्हरावर झळकले मिथुन चक्रवर्ती. पार्श्वगायकाचे नाव शोधायचे तर कव्हर उलटायचे, नाहीतर तबकडीच्या मधल्या गोल लेबलावरची बारीक अक्षरे वाचायची. कॅसेट आली तेव्हा ती अक्षरे घडीच्या कागदावर आणखी आक्रसली. एखाद्या लहान गावी भोंग्यावर गाणे लागले, तर कव्हर पाहायला मिळे ते फक्त लाउडस्पीकरवाल्याला. रॉक गायकाचा चेहरा हाच त्याचा अर्धा खेळ असतो. चित्रपटसंगीताच्या बाजारात त्या चेहऱ्याला जागाच नव्हती.

नंतर भेंडे यांनी दूरचित्रवाणी मालिकांना संगीत दिले. त्या कामाला तर कव्हरच नसते. श्रेयनामावलीतली एक ओळ, तीही शीर्षकगीत संपता संपता सरकून जाणारी.