अण्णांची ‘साला’

रामबागेतल्या जुन्या बिऱ्हाडांच्या आठवणी इथे वाचल्या आणि आमच्या अण्णांच्या लिखाणाची गोष्ट सांगावीशी वाटली. गोष्ट वाड्याची कमी आणि एका जुन्या लॅपटॉपची जास्त आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, 1938 सालचे, जन्म इंदूरचाच. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, 1996 मध्ये बडे बाबू होऊन रिटायर झाले. कचेरीत सगळं हिंदीत. हिंदीशी आमचं भांडण कधीच नव्हतं. गांधीजी 1918 आणि 1935 असे दोनदा हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून याच गावात आले होते. पण हिंदी लिहिताना ळ ला जागा नसते. जिथे होळकरांचे ‘होलकर’ झाले, तिथे आपली काय कथा! माझ्या मार्कशीटवर एक आडनाव आहे आणि आजोबांच्या सहीत दुसरं.

2010 मध्ये मी अण्णांना लॅपटॉप घेऊन दिला. बहात्तराव्या वर्षी ते त्यावर इनस्क्रिप्ट शिकले, तक्ता भिंतीला चिकटवून. मग रोज सकाळी पोहे-जिलेबी आटोपली की बसायचे. वाड्यात कोण कुठून आलं, किती खणांत राहिलं, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळी नोंद. ही माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आजही नाही.

2017 च्या दिवाळीत प्रिंट काढायला म्हणून मी फाइल उघडली. शेवटची तीस-चाळीस पानं वाचून पोटात गोळाच आला. ‘आमची साला राजवाड्याच्या मागे होती.’ ‘तोरल्या बावाने गर सोडले.’ आणि एका लग्नाच्या पंगतीचं वर्णन चालू असताना, जिलेबी आणि मठ्ठ्याच्या मधोमध, एकदम ‘संस्तान मद्य बारतात विलीन जाले.’

आज हसू येतं. तेव्हा नाही आलं. एकोणऐंशीचं वय. बायको म्हणाली, आजकाल एकच गोष्ट दोनदा सांगतात. ताईला पुण्याला फोन केला, ती रडायलाच लागली. मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावला. अण्णांना मात्र कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही लिहिणं हळूहळू बंद केलं होतं. ‘डोळे साथ देत नाहीत’, एवढंच म्हणायचे.

नंबर शुक्रवारचा होता. बुधवारी रात्री मी ती पानं घेऊन भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसलो आणि चुकलेली अक्षरं मांडली. ख, घ, झ, ठ, थ, ध, भ, श, ळ. ही सगळी शिफ्ट दाबून येणारी. पण अ, आ, इ, ई आणि ण हीसुद्धा शिफ्टचीच, आणि ती एकदाही चुकली नव्हती! विसरणारा माणूस असं निवडून विसरत नाही.

इनस्क्रिप्ट ही सरकारने 1986 मध्ये ठरवलेली मांडणी. आखणी आपल्या वर्णमालेवरच आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क च्याच बटणावर शिफ्टने ख, ग वर घ, ब वर भ, स वर श, ल वर ळ. आता टायपिंग क्लासचा नियम आठवा: अक्षर उजव्या हाताचं असेल तर शिफ्ट डाव्या हाताने, आणि उलट. अण्णांनी तो नियम साठ वर्षं मोडला नव्हता. म्हणजे मेला होता तो फक्त डावा शिफ्ट. आमच्यासारखा कुणी असता तर दोन दिवसांत उजव्यावर गेला असता. शिस्तीचा माणूस अडकला.

(शिफ्ट म्हणजे मुळात खरोखरच सरकवणं. 1878 च्या रेमिंग्टन नंबर दोनवर ते बटण पहिल्यांदा आलं, आणि ते दाबलं की यंत्राचा गाडाच सरकायचा. अण्णांचं बोट अजून त्याच जोराने पडतं. बटण झिजलं त्यात नवल नाही.)

खात्री करणं सोपं होतं. विंडोजमध्ये ‘ओएसके’ टाइप केलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. खरं बटण दाबलं की पडद्यावरचं उजळतं. उजवा शिफ्ट उजळला, डावा ढिम्म. शेजारच्या मुलाचा यूएसबी कीबोर्ड जोडला, तर शाळा ही शाळाच आली. विंडोज ठीक, बिघाड बटणातच.

राहिली पंगतीत घुसलेली वाक्यं. सकाळी अण्णांना लिहायला बसवलं आणि मी मागे उभा राहिलो. अंगठ्याखालचा तळवा टचपॅडला घासायचा, लॅपटॉप त्याला क्लिक समजायचा आणि कर्सर दोन पानं वर उडी मारायचा. नजर बोटांवर, त्यामुळे कळायचं नाही. टचपॅडवर टॅप बंद करावं तर त्याखालचं डावं बटणही बसलेलं, मग क्लिक करायचं कशाने? कपाटातला जुना माऊस काढला तर तो एका क्लिकचे दोन करायचा, आतली पत्ती सैल झालेली. जेल रोडवर एक दुकानदार म्हणाला, ‘अंकल, इसको अब आराम करने दो.’ शेवटी बाहेरचा कीबोर्ड आणि नवा माऊस आणला आणि टचपॅड पूर्ण बंद करून टाकलं.

डॉक्टरचा नंबर रद्द केला. अण्णांना सांगितलं तेव्हा शांतपणे म्हणाले, ‘कुजबुज ऐकू येत होती मला. कान शाबूत आहेत.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही.

दुरुस्ती वाटली तेवढी सोपी निघाली नाही. एका फटक्यात ‘गर’चं ‘घर’ करावं तर ‘सागर’चं ‘साघर’ होतं. आणि नावांचं काय? करे की खरे, काले की काळे, हे यंत्राला कुठून कळणार? म्हणून पूर्ण हिवाळाभर अण्णा ओळ न ओळ वाचत आणि मी बदलत गेलो. ‘साला’ला ते पोट धरून हसले.

एका जागी मी सवयीने ‘काले’चं ‘काळे’ केलं. त्यांनी थांबवलं. ‘तिथे काले बरोबर आहे. रेशन कार्डावर बाबूने तसं लिहिलं, मग काकांनी सहीसुद्धा तशीच करायला घेतली. तो ळ शिफ्टने नाही खाल्ला.’

मी परत ल केला.