परवान्यावरचा शेरा : वाहतूक खटले आणि बचावाच्या सल्ल्याचा इतिहास

वाहतुकीच्या नियमभंगाचा खटला हा फौजदारी न्यायालयातील सर्वांत किरकोळ खटला मानला जातो. परंतु एरवी पोलीस आणि न्यायालय यांच्याशी कधीही संबंध न आलेल्या नागरिकाला आरोपी म्हणून उभे करणारा खटलाही बहुधा हाच असतो, आणि म्हणून न्यायव्यवस्था सामान्य माणसाच्या वाट्याला कोणत्या रूपात येते हे समजून घेण्यासाठी त्याचा इतिहास उपयोगी पडतो. या इतिहासाचा सलग धागा ब्रिटनमध्ये सापडतो. वाहन चालवण्याचा परवाना, त्या परवान्यावर नोंदवला जाणारा शिक्षेचा शेरा आणि शेऱ्यापासून बचाव करण्यासाठी घेतला जाणारा कायदेशीर सल्ला या तिन्ही गोष्टी तेथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उदयाला आल्या. त्यांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, पुढे पळवाटा म्हणून हिणवल्या गेलेल्या बहुतेक अटी संसदेने जाणीवपूर्वक घातल्या होत्या, आणि वकिलाच्या सल्ल्याला खरी किंमत आणली ती दंडाच्या रकमेने नव्हे, तर परवान्यावरील नोंदीने.

मोटारीच्या आधीचा ब्रिटिश कायदा वाफेवर चालणाऱ्या अवजड यंत्रांसाठी होता. १८६५च्या कायद्याने अशा वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल व वस्तीत ताशी २ मैल एवढीच मर्यादा घालून दिली होती आणि वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याची सक्ती केली होती. १८९६च्या जानेवारीत केंट परगण्यातील वॉल्टर अर्नोल्ड या मोटारविक्रेत्याला ताशी ८ मैल वेगाबद्दल १ शिलिंग दंड झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा कायदा अमलात येऊन जुनी बंधने सैल झाली. तथापि, मोटारचालक आणि राज्यसत्ता यांच्यातील खरा करार झाला तो १९०३च्या मोटार कार कायद्याने. १ जानेवारी १९०४पासून लागू झालेल्या या कायद्याने ताशी २० मैलांची कमाल मर्यादा ठरवली, प्रत्येक वाहनावर नोंदणी क्रमांक लावणे बंधनकारक केले आणि ५ शिलिंग शुल्क भरून, कोणतीही परीक्षा न देता मिळणारा चालकाचा परवाना सुरू केला.

या कायद्यातील तीन तरतुदी पुढील शतकभराच्या वादांचे मूळ ठरल्या. पहिली पुराव्यासंबंधीची होती : केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर विसंबून ताशी २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणालाही दोषी ठरवता येणार नव्हते. दुसरी सूचनेसंबंधीची होती : गुन्ह्याच्या वेळीच खटल्याची ताकीद दिलेली नसेल, तर जास्तीत जास्त २१ दिवसांच्या आत चालकाला किंवा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला नोटीस पाठवणे आवश्यक होते, कारण आठवडे उलटल्यावर अमुक दिवशी अमुक वळणावर वेग किती होता हे कोणाच्याही स्मरणात राहत नाही आणि साक्षीदारही जमवता येत नाहीत. तिसरी तरतूद परवान्यासंबंधीची होती : गुन्हा सिद्ध झाल्यास त्याचा तपशील परवान्यावरच लिहिला जाई आणि परवाना निलंबित करण्याचा अधिकारही न्यायालयाला होता, मात्र निव्वळ वेगाचा पहिला आणि दुसरा गुन्हा यांतून वगळलेला होता. वेगाबद्दलच्या कमाल दंडाचे १०, २० आणि ५० पौंड असे चढते टप्पे श्रीमंत मोटारमालकाला सोसण्यासारखे होते. पण तिसऱ्या खेपेस परवाना डागाळणार असल्यामुळे पहिल्या दोन खटल्यांतही नुसता दंड भरून मोकळे होणे शहाणपणाचे उरले नाही. गुन्ह्यांची बेरीज करून परवान्यावर गदा आणण्याची कल्पना अशा रीतीने बीजरूपाने १९०३मध्येच कायद्यात आली होती.

कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी पोलिसांनी वेगाचे सापळे लावले. रस्त्यावर एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड, अंतर मोजून त्याच्या दोन्ही टोकांना कुंपणाआड शिपाई बसवले जात आणि मोटार ते अंतर किती वेळात कापते याची नोंद स्टॉपवॉचवर घेतली जाई. ताशी २० मैल वेगाने एक फर्लांग ओलांडायला साडेबावीस सेकंद लागतात; घड्याळाची कळ एक सेकंद लवकर दाबली गेली, तर वेगाच्या हिशेबात सुमारे एका मैलाचा फरक पडतो. त्यामुळे अंतर कोणी व कशाने मोजले, घड्याळ तपासलेले होते काय, पहिल्या शिपायाचा इशारा दुसऱ्याला नेमका केव्हा दिसला, हे प्रश्न बचावाच्या उलटतपासणीचे ठरावीक मुद्दे बनले. लंडनहून ब्रायटन आणि पोर्टस्मथकडे जाणारे रस्ते या सापळ्यांसाठी विशेष कुप्रसिद्ध होते. हे खटले ज्यांच्यापुढे चालत ते स्थानिक दंडाधिकारी बहुधा बिनपगारी व कायद्याचे औपचारिक शिक्षण नसलेले प्रतिष्ठित नागरिक असत, आणि धूळ उडवत, घोडे बुजवत जाणाऱ्या मोटारींविषयी त्यांच्यापैकी अनेकांना ममत्व नव्हते. पोलिसाची साक्ष खरी मानण्याकडे असलेल्या या कलामुळे एकट्या चालकाचा शब्द तोकडा पडे, आणि संघटित बचावाची गरज येथूनच निर्माण झाली.

ही गरज ओळखून २९ जून १९०५ रोजी लंडनच्या ट्रोकाडेरो उपाहारगृहात ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. सायकलस्वार टेहळे नेमून सदस्यांना पुढील सापळ्याची आगाऊ सूचना देणे हे तिचे पहिले काम होते. परंतु थोड्याच वर्षांत तिने वाहतुकीच्या खटल्यांत सदस्यांची कायदेशीर बाजू मांडण्याची व्यवस्था उभी केली आणि १९१०मध्ये मोटार युनियन ही दुसरी संघटना तिच्यात विलीन झाली. वार्षिक वर्गणीच्या बदल्यात वकिलाचा सल्ला मिळण्याची ही पद्धत त्या काळात नवी होती. घरमालक–भाडेकरूंचा वाद किंवा वारसाहक्क यांसाठी वकील गाठणाऱ्या मध्यमवर्गाला किरकोळ फौजदारी खटल्यासाठी वकील लावणे परवडण्याजोगे आणि प्रतिष्ठेला न खटकणारे झाले, ते या वर्गणीमुळे.

टेहळ्यांचे काम लवकरच न्यायालयात गेले. सापळ्याची सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कर्तव्यात अडथळा आणणे होय काय, हा प्रश्न होता. ‘बॅस्टेबल विरुद्ध लिटल’ या खटल्यात, ज्यांना सूचना दिली गेली ते चालक त्या वेळी मर्यादा ओलांडत होते असे सिद्ध झालेले नसल्यामुळे, अडथळ्याचा गुन्हा घडलेला नाही असा निर्णय झाला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ या निकालात मात्र मोटारी आधीच अतिवेगात असल्याचे तथ्य समोर होते, म्हणून सूचना देणारा टेहळ्या दोषी ठरला. यावर संस्थेने काढलेला तोडगा कायद्याच्या सल्ल्याचाच नमुना होता : टेहळ्याने सदस्याची मोटार ओळखून नेहमी सलाम करावा, आणि सलाम मिळाला नाही तर चालकाने थांबून कारण विचारावे. सलाम न करणे हा गुन्हा ठरवणे कोणत्याही न्यायालयाला शक्य नव्हते.

१९३०च्या रस्ते वाहतूक कायद्याने खासगी मोटारींवरील वेगमर्यादा काढून टाकली व त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा केला. १९३४च्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणली आणि नव्या चालकांसाठी परीक्षा बंधनकारक केली. या उलथापालथीत बचावाच्या जुन्या अटी मात्र टिकून राहिल्या, किंबहुना नोटिशीची मुदत २१ दिवसांवरून १४ दिवसांवर येऊन ती धोकादायक आणि निष्काळजी वाहनचालनाच्या गुन्ह्यांनाही लागू झाली. दुसरीकडे न्यायालयांनी सहानुभूतीची दारे आवळली. परवाना रद्द न करण्यासाठी कायद्यात ‘विशेष कारणे’ दाखवण्याची मुभा होती. परंतु ‘व्हिटॉल विरुद्ध कर्बी’ या १९४६च्या खटल्यात ही कारणे गुन्ह्याशी संबंधित असली पाहिजेत, गुन्हेगाराच्या परिस्थितीशी नव्हे, असे ठरले, आणि वाहन चालवण्यावर पोट असणे एवढ्यावर परवाना वाचवण्याचा मार्ग बंद झाला. पुराव्याच्या बाबतीतही तसेच झाले : ‘निकोलस विरुद्ध पेनी’ या १९५०च्या निकालानुसार पाठलाग करणाऱ्या पोलिसाने आपल्या वेगमापकावरील आकडा सांगितला, तर ते निव्वळ मत राहत नाही, म्हणून एकटा पोलीसही पुरेसा ठरू लागला. पुढे रडार यंत्रे आली आणि बचावाचा रोख साक्षीदाराच्या डोळ्यांवरून यंत्राच्या तपासणीकडे वळला.

परवान्यावरील शेऱ्यांची बेरीज आपोआप शिक्षेत बदलण्याची पद्धत १९६२च्या कायद्याने आणली. ३ वर्षांत ३ शेरे झाले की किमान ६ महिने परवाना जाई, मग ते गुन्हे कितीही वेगवेगळ्या गांभीर्याचे असोत. हा एकसारखेपणा अन्यायकारक वाटू लागल्यामुळे १९८१च्या वाहतूक कायद्याने दंडगुणांची पद्धत स्वीकारली आणि ती १ नोव्हेंबर १९८२पासून अमलात आली. दंडगुण म्हणजे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार परवान्यावर चढवले जाणारे आकडे. ३ वर्षांत ते १२ झाले की किमान ६ महिन्यांची अपात्रता येते. १९४६मध्ये बंद झालेले दार येथे मात्र थोडे किलकिले राहिले, कारण अपात्रतेमुळे ‘असाधारण हालअपेष्टा’ होतील असे दाखवता आल्यास न्यायालय ती कमी करू शकते किंवा टाळू शकते. नोकरी जाणे ही साधारण अडचण, पण त्या नोकरीवर अवलंबून असलेल्या आजारी आईवडिलांची शुश्रूषा थांबणे ही कदाचित असाधारण, असा भेद न्यायालयापुढे पुराव्यानिशी मांडणे हे वाहतूक वकिलाचे नवे कौशल्य ठरले. दोषी आहे की नाही या प्रश्नाइतकाच, आधीचे गुण किती आणि त्यांची मुदत केव्हा संपते, हा हिशेब सल्ल्याच्या केंद्रस्थानी आला.

त्याच सुमारास न्यायालयात न जाता ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय वाढत गेली. १९६०मध्ये वाहन उभे करण्याच्या नियमांपुरती सुरू झालेली ही ‘निश्चित दंडा’ची पद्धत १९८६पासून दंडगुण देणाऱ्या गुन्ह्यांनाही लागू झाली, आणि १९९१च्या कायद्याने वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पुराव्याचा मार्ग मोकळा केला. कॅमेऱ्याला वाहनाचा क्रमांक दिसतो, गुन्हा मात्र चालकाच्या नावे नोंदवायचा असतो. म्हणून वाहन कोण चालवत होते हे सांगण्याचे बंधन मालकावर आहे, आणि हे बंधन मौनाच्या हक्काचा भंग करत नाही असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७मध्ये ‘ओ’हॅलोरन आणि फ्रान्सिस’ प्रकरणात दिला. तरीही १९०३मधील नोटिशीची अट जिवंत राहिली. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने ताशी ४० मैलांच्या टापूत ५९ मैल वेग असल्याचे मान्य केले असतानाही, नोटीस १४ दिवसांच्या मुदतीनंतर एक दिवसाने पोचल्यामुळे, सप्टेंबर २०१८मध्ये तो खटल्यातून सुटला. मे २०१९मध्ये मात्र वाहन चालवताना फोन हाताळल्याबद्दल आधीच्या ६ गुणांत आणखी ६ गुणांची भर पडली आणि त्याच बेकहॅमचा परवाना ६ महिन्यांसाठी गेला.

भारतातील कायद्याचे या परंपरेशी रक्ताचे नाते आहे. ब्रिटिश कायद्यातील बचावाच्या अटी १९३९च्या मोटार वाहन कायद्यातून १९८८च्या कायद्यात आल्या. कलम १८३नुसार केवळ एका साक्षीदाराच्या मतावर अतिवेगाची शिक्षा होत नाही, ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने घेतलेल्या मोजमापावर आधारलेले असावे लागते. कलम २०९नुसार अतिवेग व धोकादायक वाहनचालन यांच्या खटल्यात जागेवर ताकीद, १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स यांपैकी एक गोष्ट आवश्यक असते. आणि कलम २५मध्ये परवान्यावरील शेरा ३ वर्षे, निव्वळ वेगाचा असल्यास १ वर्ष, नवा शेरा न पडल्यास पुसून घेण्याची सोय आहे. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनही स्थापन झाली. मात्र १९८८च्या कायद्यात दंडगुणांची पद्धत आली नाही, आणि शेऱ्याची तरतूद असूनही व्यवहारात भर राहिला तो कलम २००खालील तडजोडीवर, म्हणजे जागेवर रक्कम भरून प्रकरण संपवण्यावर. २०१६पासून मुंबईत ई-चलान सुरू झाले, १ सप्टेंबर २०१९पासून देशात वाढीव दंडाची दुरुस्ती लागू झाली आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवण्याची अट २०२१मध्ये केंद्रीय नियमांत आली. परंतु थकलेली ई-चलाने मोठ्या प्रमाणावर लोकअदालतीत मिटवली जातात, आणि लोकअदालत तडजोडीवर चालत असल्यामुळे गुन्हा घडला की नाही हा प्रश्न तेथे निकालास निघत नाही.

ब्रिटनमध्ये परवान्यावरील प्रत्येक नोंदीची किंमत ठाऊक असल्यामुळे चालक सल्ला घेत आला, सल्ल्यामुळे पुरावा तपासला गेला आणि तपासणीमुळे पोलिसांच्या मोजमापालाही शिस्त लागली. महाराष्ट्रात अटी त्याच आहेत, पण त्या वापरणारे हात थोडे आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, अपंग आणि ठरावीक उत्पन्नाखालील नागरिक यांना मोफत वकील मागण्याचा हक्क आहे व त्यासाठी तालुका पातळीवर समित्या आहेत. चुकीचे चलान आलेल्या वाहनचालकाने रक्कम भरण्यापूर्वी छायाचित्र, ठिकाण, वेळ आणि नोटिशीची तारीख तपासावी आणि शंका असल्यास तेथे सल्ला घ्यावा. शंभर वर्षांपूर्वी ज्या अटींसाठी संसदेत वाद झाले, त्या वापरल्याखेरीज कोणाचेही रक्षण करत नाहीत.