भोपाळच्या गर्दीतून वॉल्थम ॲबीकडे

वर्ष २००९. भोपाळमध्ये तुम्ही एका राजकीय सभेत उभे आहात. झेंडे आहेत, व्यासपीठ आहे, घोषणा कधी द्यायच्या हे भोंग्यावरून सांगणारा माणूसही आहे. फक्त हा पक्ष कुठल्याच मतदान यंत्रावर सापडणार नाही. प्रकाश झा ‘राजनीती’चं शूटिंग करताहेत आणि गर्दी म्हणून शहरच उभं राहिलंय. शेजारचा जुन्या भोपाळातला गृहस्थ विचारतो, “को खां, नाना दिखे क्या?” तुम्ही नकारार्थी मान हलवता. अरेरा कॉलनीतल्या मराठी घरातून तुम्ही उन्हात आलात तेही त्याचसाठी. नाना पाटेकर या आधुनिक महाभारतातल्या कृष्णाचं काम करताहेत, आणि ते आपल्या तळ्याकाठच्या गावात.

क्लॅप वाजते. पाटीवर प्रसंगाचा क्रमांक, टेकचा क्रमांक. चित्रपटामागच्या कंपन्यांत एक नाव मुंबईचं आहे: यूटीव्ही. तुम्ही त्या नावाचा माग काढायचा ठरवता, कारण याच घडीला, याच कंपनीच्या पैशावर, लंडनमध्ये व्हिडिओ गेमचा एक स्टुडिओ चालू आहे. तिथला खेळ कधीच दुकानात येणार नाही. तो का आला नाही, हे समजायला तुम्हाला आधी चार वर्षं मागे जावं लागेल.

२००५ची दिवाळी. एमपी नगरातलं गेम पार्लर, कोचिंग क्लास सुटल्याची वेळ. टीव्हींची रांग, प्ले-स्टेशन २, हातांच्या घामाने गुळगुळीत झालेले कंट्रोलर, ज्यांना इथे सगळे रिमोट म्हणतात. डिस्कवर मार्करने खेळाचं नाव लिहिलेलं. कोणी बनवला, कुठे बनवला, हे त्या डिस्कवर कुठेच नाही, आणि इथे कोणाला तो प्रश्नही पडत नाही. इंग्लंडहून सुट्टीवर आलेला तुमचा आतेभाऊ खिशातून पीएसपी काढतो. युरोपात हे यंत्र १ सप्टेंबरला विक्रीला आलं आणि त्याच सुमारास आलेला एक खेळ त्याच्याकडे आहे: ‘मर्क्युरी’.

तो यंत्र तुमच्या हातात देतो. पडद्यावर हवेत तरंगणारा चक्रव्यूह आणि त्यावर पाऱ्याचा एक गोळा. तुम्ही पाऱ्याला हात लावू शकत नाही. फक्त चक्रव्यूह कलता करायचा. गोळा ओघळतो, लांबतो, कोपऱ्यावर आपटून दोन होतो. एक भाग लाल करणाऱ्या दारातून न्यायचा, दुसरा हिरव्या, मग दोन्ही एकत्र आणायचे: पिवळा. पिवळं कुलूप उघडतं. थोडा पारा कडेवरून खाली सांडला, तर पुढचं काम अवघड. बंदूक नाही, गोष्ट नाही, संवाद नाही. तुम्ही मात्र श्वास रोखून बसलेले आहात आणि आतेभाऊ यंत्र परत मागतोय हे तुम्हाला ऐकू येत नाही.

आता त्या चक्रव्यूहाच्या मागे या. ऑक्सफर्डशायरमधलं बॅनबरी, ‘ऑसम स्टुडिओज’. खेळाच्या पूर्ण नावात एका माणसाचं नाव आहे, ‘आर्चर मक्लीन्स मर्क्युरी’. पुस्तकावर लेखकाचं असावं तसं खेळावर माणसाचं नाव छापण्याइतका मान या माणसाने मिळवला होता. १९८४ला ‘ड्रॉपझोन’, १९८६ला ‘इंटरनॅशनल कराटे’, १९९१ला जिमी व्हाइटच्या नावाचा स्नूकरचा खेळ. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात एकेक मुलगा घरच्या संगणकावर अख्खा खेळ लिहायचा आणि तो कॅसेटवर विकला जायचा. मक्लीन त्या पिढीचा. ‘मर्क्युरी’ तर मूळ कल्पनेप्रमाणे यंत्रच हातात कलतं करून खेळायचा होता. ते जोडउपकरण बाजारात आलं नाही, म्हणून बोटांवर भागलं. फोन कलता करून खेळणं जगभर रुळायला त्यानंतर काही वर्षं गेली.

या स्टुडिओच्या डोक्यावर ‘इग्निशन एंटरटेनमेंट’ ही प्रकाशक कंपनी होती. तिचं मुख्यालय लंडनच्या ईशान्येला, एसेक्समधल्या वॉल्थम ॲबीत. गावात मध्ययुगीन मठाचं चर्च आहे आणि शून्य रेखावृत्त गावातून जातं. २००५ मध्येच मक्लीन कंपनीतून बाहेर पडला. पुढच्या वर्षी ‘मर्क्युरी मेल्टडाउन’ आला, तेव्हा शीर्षकात त्याचं नाव नव्हतं.

२००७. तुम्ही मुंबईत आहात. रॉनी स्क्रूवालांची यूटीव्ही भरात आहे. याच कंपनीची ‘शांती’ मालिका १९९४ पासून दुपारी दूरदर्शनवर लागायची आणि तुमच्या भोपाळच्या घरात आजी जेवणाची भांडी तशीच ठेवून तिच्यासमोर बसायची. त्यानंतर ‘रंग दे बसंती’, मुलांसाठी ‘हंगामा’ वाहिनी, ती २००६ मध्ये डिस्नेला विकली गेली; खुद्द यूटीव्हीतही डिस्नेने हिस्सा घेतला. आता मुंबईला पडद्याच्या पुढच्या रूपात उतरायचं आहे. एकाच वर्षात दोन सौदे होतात. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये उभी केलेली मुंबईची ‘इंडियागेम्स’ यूटीव्हीच्या ताब्यात येते. ही मोबाइलवरच्या खेळांची कंपनी. आणि इग्निशनचा ७० टक्के हिस्सा. कॅसेटच्या काळापासून चालत आलेल्या ब्रिटिश व्यवसायाचा एक तुकडा मुंबईच्या मालकीचा होतो. मला हे धाडस मनापासून आवडतं. भारतातले कितीतरी कुशल हात तेव्हा परदेशी स्टुडिओंसाठी गाड्या, झाडं, चिलखतं रंगवून देत होते. खेळ त्यांचा, मजुरी आपली. इथे कोणीतरी म्हणालं, खेळच आपला असू दे.

आणि मग लंडन. २००८ साल, ‘इग्निशन लंडन’. खेळाचं नाव ‘वॉरडेव्हिल’. त्याची बीजं संगणकीय चित्रं करणाऱ्या ‘डिजी-गाइज’ नावाच्या लंडनच्या कंपनीत पडली होती. हा खेळ चित्रपटासारखा दिसणार, हेच त्याचं पहिलं आश्वासन. तुम्ही कलाकारांच्या रांगेमागून चालत जाता. एकाच्या पडद्यावर धातूचं चिलखत आहे. तो प्रकाश अर्धा अंश हलवतो, थांबतो, पुन्हा हलवतो. पलीकडे प्रोग्रामर प्ले-स्टेशन ३च्या प्रोसेसरशी झुंजतोय. ‘सेल’ नावाच्या या प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि भोवती लहान लहान साहाय्यक. प्रत्येक साहाय्यकाला वेगळं काम कापून द्यायचं, नाहीतर यंत्राची ताकद वाया जाते. त्या वर्षांत भल्याभल्या स्टुडिओंची यात कंबर मोडली. कोणी आळशी नाही, कोणी अडाणी नाही. तुम्ही विचारता, “जरा खेळून बघू?”

या प्रश्नापाशी थांबूया. माझ्या मते अख्खी हकीकत इथे आहे.

भोपाळच्या त्या सभेत निर्मात्याला रोज संध्याकाळी कळत होतं की किती प्रसंग झाले, किती उरले. नटांच्या तारखा ठरलेल्या, गर्दी संध्याकाळी घरी. शूटिंग संपलं की माणसं सुटी होतात, पगार थांबतो. गेमचं तसं नाही. तो मासिक पगारावरची माणसं बनवतात आणि संपायची तारीख कोणी कठोरपणे धरली नाही, तर दर महिना आधीच्या महिन्याइतकाच महाग पडतो. शिवाय खेळात गंमत आहे का, हे पटकथा वाचून कळत नाही, चित्र पाहून तर मुळीच नाही. एक लेव्हल पुरती बांधून हातात द्यावी लागते. म्हणून अनुभवी प्रकाशक टप्प्याटप्प्याने पैसे देतो आणि प्रत्येक टप्प्याला खेळता येणारं काहीतरी मागतो. ‘वॉरडेव्हिल’मधून जगासमोर आली ती मुख्यतः चित्रं आणि चित्रफिती. सिनेमावाल्यांच्या डोळ्यांना त्यांची भुरळ पडली असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. दृश्य ओळखणं हाच त्यांचा धंदा. पण पाऱ्याच्या एका गोळ्यात जे होतं, ते त्या चिलखताच्या चकाकीत आहे का, हे वेळेवर विचारणारा माणूस हवा होता.

१५ सप्टेंबर २००८ला लीमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळते. ब्रिटनमधल्या गेम स्टुडिओंचा एकेक दिवा विझू लागतो. त्याच डिसेंबरात नॉटिंगहॅमची ‘फ्री रॅडिकल’ दिवाळखोरी प्रशासकाच्या हाती जाते, ऑगस्ट २०१०ला डंडीची ‘रिअलटाइम वर्ल्ड्स’, फेब्रुवारी २०११ला लिव्हरपूलची ‘बिझार क्रिएशन्स’ बंद. ज्यांचे खेळ लाखोंनी विकले गेले होते तेही टिकत नव्हते. एकही खेळ बाहेर न आणलेल्या स्टुडिओने काय टिकायचं?

२०१०. इग्निशन लंडन बंद होतं. तिथल्या बैठकीत बसून पाहा. इंग्लंडच्या कायद्याने वीस किंवा त्याहून जास्त माणसं एका ठिकाणाहून काढायची तर आधी सल्लामसलत करावी लागते, किमान ३० दिवस. ते दिवस फार विचित्र असतात. माणसं कामावर येतात, पण फाइल उघडायची कशासाठी, हे कोणाला माहीत नसतं. कोणी आपल्या कामाचे नमुने जमवू लागतो, तर करारात अडतो: न प्रकाशित झालेलं काम दाखवायची परवानगी नाही. इतके दिवस काय केलंत, या पुढच्या मुलाखतीतल्या प्रश्नाला दाखवायला पुरावा नाही. बंद पडलेल्या स्टुडिओचं हे सगळ्यात मोठं नुकसान, आणि ते कुठल्याच ताळेबंदात येत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा इग्निशनचा स्टुडिओही त्याच वर्षी गेला. बॅनबरीचं दार त्याआधीच लागलं होतं.

त्याच वर्षी भोपाळमध्ये तुम्ही तिकिटाच्या रांगेत आहात. ४ जूनला ‘राजनीती’ लागतो आणि गर्दीच्या प्रसंगात सगळं थिएटर आपापले चेहरे शोधतं. १३ ऑगस्टला ‘पीपली लाइव्ह’ येतो. भोपाळजवळच्या बडवई गावात चित्रित झालेला, हबीब तनवीरांच्या नया थिएटरच्या नटांनी जिवंत केलेला. वितरण पुन्हा यूटीव्हीचं. म्हणजे या कंपनीला साध्या, मातीतल्या गोष्टीवर पैसा लावता येत नव्हता असं नाही. तिला तो सिनेमात लावता येत होता. ‘पीपली लाइव्ह’मधल्या नत्थाची गोष्ट कागदावर वाचून तिची ताकद समजणारी माणसं तिच्याकडे होती. गेमच्या बाबतीत तसे कान-डोळे घडायला जी दहा-पंधरा वर्षं लागतात, ती एका सौद्यात विकत मिळत नाहीत.

इग्निशनच्या हातून चांगलं काही झालंच नाही, असं मात्र समजू नका. फेब्रुवारी २०१० मध्येच त्यांनी ‘डेडली प्रिमनिशन’ हा जपानी खेळ अमेरिकेत अवघ्या २० डॉलरला आणला. एका समीक्षकाने त्याला दहापैकी दोन गुण दिले, दुसऱ्याने दहापैकी दहा. आजही त्याच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. तोक्योतल्या इग्निशनच्या स्टुडिओत सावाकी ताकेयासु ‘एल शदाई’ घडवत होते. हनोखाच्या प्राचीन ग्रंथावर बेतलेली गोष्ट, जलरंगात भिजल्यासारखी दृश्यं. हा खेळ पूर्ण झाला. एप्रिल २०११ला तो जपानमध्ये आला, ऑगस्टमध्ये अमेरिकेत. त्याच्या जाहिरातीतला एक संवाद जपानमध्ये घराघरात गेला. विक्री पुरेशी झाली नाही आणि तोक्योचाही स्टुडिओ मिटला.

फेब्रुवारी २०१२ मध्ये डिस्नेने यूटीव्हीचा ताबा घेतला. इग्निशनचं नाव खेळांच्या डब्यांवरून गेलं. विशाल गोंडलही पुढे बाहेर पडले. २०१६ मध्ये डिस्नेने भारतातली हिंदी चित्रपटनिर्मितीही थांबवली, म्हणजे तुम्ही भोपाळच्या उन्हात जे नाव पाहिलं होतं तेही उरलं नाही.

आर्चर मक्लीन डिसेंबर २०२२ मध्ये वारला. ‘वॉरडेव्हिल’ कोणीच खेळलं नाही. ‘एल शदाई’चे हक्क मात्र ताकेयासुंनी आपल्या ‘क्रिम’ या छोट्या कंपनीकडे मिळवले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तो खेळ संगणकावर पुन्हा विक्रीला आला. आज तुम्ही भोपाळमध्ये बसून तो विकत घेऊ शकता.