म्यान कुणी शिवलं?

वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात गेलात की एक गोष्ट मुद्दाम बघा. पातं असतं, मूठ असते, खाली पाटी असते. म्यान बऱ्याचदा नसतंच. माझं पीएच.डी.चं काम दख्खनमधल्या चामडी वस्तूंवर आहे, त्यामुळे मला आधी ती रिकामी जागाच दिसते.

याचं एक कारण साधं आहे. लोखंड गंजत गंजत का होईना टिकतं, पण आपल्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी लागते, कीड लागते. दुसरं कारण जरा गमतीचं आहे. साल-हिरड्याने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं आणि ते ओल धरून ठेवतं. पातं त्यात वर्षानुवर्षं राहिलं तर काळं पडतं, गंजतं. म्हणजे म्यान हे बाळगण्यासाठी, साठवण्यासाठी नाही!

लंडनचं नशीब वेगळं. थेम्सकाठच्या ओल्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून तिथे मध्ययुगीन सुऱ्यांची चामडी म्यानं मोठ्या संख्येने सापडली. त्यांतली बरीचशी एकाच तुकड्याची आहेत. तो तुकडा उभा दुमडून पाठीमागे मधोमध शिवण घातलेली असते. त्यामुळे पुढची बाजू नक्षीसाठी मोकळी राहते.

हे वाचून कळेना, म्हणून मी स्वतः एका मोठ्या सुऱ्याचं म्यान करायला घेतलं. आमच्या भागातल्या एका वयस्कर चर्मकार काकांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला हे कशाला शिकायचंय?" तेव्हा मी हसून टाळलं.

पहिलं म्यान फसलं. चामड्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून मी कडेने शिवले. सुरा चार-पाच वेळा आत-बाहेर केला आणि धारेने दोराच कापला. काकांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "मधे पट्टी कुठाय?" धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याचीच एक अरुंद पट्टी घालायची, म्हणजे धार पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत जात नाही. एवढीच युक्ती. पण लंडनच्या म्यानांची शिवण धारेवर न ठेवता पाठीमागे का, हेही मला तेव्हाच नीट कळलं.

दुसऱ्या वेळी साधारण तीन मिलिमीटर जाडीचं चामडं घेतलं. आधी कागदाचा साचा केला, त्यात चामड्याच्या जाडीपुरती जागा जास्त सोडली. रापीने कापलं, पट्टी चिकटवली, आरीने सारख्या अंतरावर भोकं पाडली. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण लगेच उसवत नाही. मग म्यान कोमट पाण्यात भिजवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सुरा आत घातला आणि बोटांनी दाबून आकार दिला. सावलीत वाळल्यावर ते त्या सुऱ्याचंच झालं. एक शनिवार-रविवार गेला.

पण मी विकत आणलं होतं ते तयार चामडं. गावगाड्यात तिथपर्यंत पोचायला किती हात लागायचे ते बघा. मेलेलं जनावर ओढायचं काम महारांवर टाकलेलं. कातडं कमावायचं ढोरांनी: चुन्यात टाकून केस काढायचे, मग कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं आणि त्यात बाभळीची साल, हिरडा किंवा तरवडाच्या सालीचं पाणी भरायचं. दिवसेंदिवस हे चालायचं, दुर्गंधीसकट. त्यानंतर कापणं-शिवणं चांभारांचं. आणि ज्याच्या कमरेला ते चामडं मिरवायचं, त्याला ते कमावणाऱ्याचा स्पर्शही चालायचा नाही.

लंडनमध्ये पातं करणारे, मूठ बसवणारे आणि म्यान करणारे हे वेगवेगळे कारागीर होते. तिथल्या कटलर मंडळींच्या संघाला 1416 मध्ये पाचव्या हेन्रीची सनद मिळाली. संघ असला की कागद राहतात आणि कागदांत माणसांची नावं राहतात. आपल्याकडे बलुत्याच्या नोंदीत बहुधा जात सापडते, हात सापडत नाही.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं सांगितलं. आपण संशोधक "लोप पावत चाललेली कला" असं पटकन लिहून जातो. पण त्यातला काही भाग लोप पावलेला नाही, लोकांनी तो विचार करून टाकून दिला आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि माझ्या प्रबंधात मला त्या वेगळ्या ठेवायच्या आहेत.

काकांचा मुलगा बँकेत आहे. त्याला हे काम येत नाही, याचा काकांना अभिमान आहे. मी केलेलं म्यान मात्र त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "टाके बरे आलेत. पट्टी अजून थोडी रुंद हवी होती."

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. पुढच्या वेळी दालनात एखादं म्यान दिसलंच, तर पाटी वाचून झाल्यावर ते वळवून मागची शिवण दाखवता का, असं विचारून बघा.