गर्टनच्या मुलींचा गणिताचा क्लब



आमच्या ग्रामसंघाच्या मागच्या बैठकीत एका खोलीवरून वाद झाला. बारावी सायन्सच्या चार मुलींनी गटाची खोली संध्याकाळी अभ्यासाला मागितली होती. गणिताची परीक्षा जवळ आलेली, तालुक्याच्या क्लासची फी परवडत नाही आणि शेवटची एसटी सहाला निघून जाते. त्यांनी आपसांत ठरवलं, की जिला जे येतं ते तिनं बाकीच्यांना समजावायचं. लाईटबिलाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. पण चौघींतल्या सगळ्यात हुशार मुलीची आई उठली आणि म्हणाली, "ताई, माझी पोर पहिली येणारी. ती तिघींना शिकवत बसली तर तिच्या मार्कांचं काय? ते नुकसान कोण भरून देणार?"

मला उत्तर देता आलं नाही. बाईचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. माझं बी.ए. इतिहासात झालंय, गणितात नाही. म्हणून आजच्या भाषणात मी त्या काकूंचा प्रश्न इतिहासालाच विचारणार आहे.

'रँग्लर परांजपे' हे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलेलं असेल. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. पण रँग्लर म्हणजे काय? इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात गणिताची एक फार अवघड परीक्षा असते, तिचं नाव ट्रायपॉस. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ हुज्जत घालणारा, कारण फार पूर्वी ही परीक्षा तोंडी वादविवादाची होती. जो सगळ्यांत वर, तो सिनियर रँग्लर. 1899 साली परांजपे सिनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

परांजप्यांच्या काळापर्यंत, आणि पुढे 1909 पर्यंत, या परीक्षेचा निकाल क्रमवारीनं लागायचा. पहिला कोण, दुसरा कोण, शेवटचा कोण, सगळं भर सभागृहात वाचून दाखवायचे. वरचा नंबर आला की कॉलेजात फेलोशिप, म्हणजे पोटापाण्याची सोय, मिळण्याची शक्यता मोठी. मग मुलं कोचकडे पैसे भरून जात. एडवर्ड राऊथ नावाच्या कोचचे पंचवीसच्या वर विद्यार्थी सिनियर रँग्लर झाले. तो लहान लहान तुकड्या करून शिकवी, दर आठवड्याला उदाहरणांचा पेपर देई आणि कुणाला किती गुण पडले ते सगळ्यांना दिसेल असं लावी. आपल्या तालुक्यातला क्लास काही फार नवीन गोष्ट नाही बरं का!

ही सोय मुलांची. मुलींसाठी 1869 साली एमिली डेव्हिस यांनी पाच विद्यार्थिनींवर एक कॉलेज सुरू केलं आणि 1873 साली ते केंब्रिजजवळच्या गर्टन या खेड्यात आलं. शहरापासून जवळजवळ चार किलोमीटर लांब! मुली शहरातल्या मुलांपासून दूर बऱ्या, हा त्यामागचा विचार. व्याख्यानाला शहरात जायचं तर सोबत वडीलधारी बाई हवी. राऊथच्या तुकडीत मुलींना जागा नव्हती. परीक्षेला बसायचा हक्कसुद्धा नव्हता. एखाद्या परीक्षकानं भलेपणानं हो म्हटलं तर त्याच प्रश्नपत्रिका सोडवायला मिळत आणि तो खाजगीत गुण सांगे.

1876 साली दोन मुली तिथं दाखल झाल्या. शार्लट स्कॉट अठरा वर्षांची, वडील एका धर्मशिक्षण देणाऱ्या कॉलेजचे प्राचार्य, घरी शिकवणी लावून तयार झालेली. दुसरी सारा मार्क्स. तिला मैत्रिणी हर्था म्हणायच्या. ती बाविशीतली. तिचे वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी. ही सात वर्षांची असतानाच ते वारले. घरात सात मुलं आणि आईला आठवं होणार होतं. आईनं शिवणकाम करून संसार ओढला. नऊ वर्षांची सारा लंडनला मावशीच्या शाळेत गेली आणि मोठी झाल्यावर शिकवण्या आणि भरतकाम करून घरी पैसे धाडू लागली. गर्टनची फी भरणं तिला शक्यच नव्हतं. बार्बरा बोडिशॉन या बाईंनी, त्यांचाही ते कॉलेज उभारण्यात हात होता, पैसे जमवले. आपण गटात करतो तसंच, दहा जणींकडून थोडं थोडं.

एक अभ्यासात पुढं, दुसरी परिस्थितीनं मागं. या दोघींनी मिळून गर्टनमध्ये गणिताचा क्लब काढला. काम साधंच. उदाहरणं शोधून आणायची, मिळून सोडवायची, अडेल त्यावर चर्चा करायची. कोच मिळत नाही, तर आपणच एकमेकींचे कोच. (हर्थानं कॉलेजात मुलींची अग्निशमन तुकडीही उभी केली होती. स्वस्थ बसणाऱ्यातली ती नव्हती.)

आता काकूंचा हिशेब लावून बघू. शिकवत बसलेल्या शार्लटचं काय झालं?

जानेवारी 1880 मध्ये तिला खास परवानगीनं परीक्षेला बसू दिलं. नऊ दिवस, सगळे मिळून पन्नासच्या वर तास. तिचे गुण आठव्या रँग्लरच्या बरोबरीचे ठरले. पण मुलगी म्हणून यादीत नाव नाही. पदवीदानाच्या सभेत यादी वाचताना आठवा नंबर आला, तेव्हा जमलेल्या मुलांनी त्या मुलाचं नाव ऐकूच दिलं नाही. "स्कॉट ऑफ गर्टन" असा ओरडा करून टोप्या उडवल्या. मुलग्यांनी, हे लक्षात घ्या.

ही बातमी देशभर झाली. न्यूकॅसलच्या स्टेडमन ऑल्डिस आणि त्यांच्या पत्नीनं, मुलींना हक्कानं परीक्षेला बसू द्या, असा अर्ज काढून हजारो सह्या जमवल्या. ऑल्डिस स्वतः 1861 चे सिनियर रँग्लर. पण वेगळ्या पंथाचे, म्हणून पहिला नंबर असूनही फेलोशिप मिळाली नव्हती. दार तोंडावर बंद झालं की कसं वाटतं, ते त्यांना ठाऊक होतं. फेब्रुवारी 1881 मध्ये विद्यापीठानं मुलींना हक्कानं परीक्षा दिली. नावं वेगळ्या यादीत, पण सोबत नंबर सांगायचा.

आणि हर्था? ती तिसऱ्या वर्गात पास झाली. क्लब काढणाऱ्या दोघींपैकी एक आठव्या रँग्लरच्या बरोबरीची आणि दुसरी पार खाली. काकू म्हणतील, बघा, शिकून घेणारीला तरी काय मिळालं?

पण हर्थाचं शिकणं त्या निकालानं थांबलं नाही. ती गणित शिकवत राहिली, मासिकात येणारी अवघड उदाहरणं सोडवून धाडत राहिली. 1884 साली तिनं रेषेचे हवे तेवढे सारखे भाग पाडणाऱ्या एका साधनाचं पेटंट घेतलं. पुढं रस्त्यावरच्या विजेच्या दिव्यांमधून फुसफुस आवाज का येतो, हे तिनं प्रयोग करून दाखवलं. त्यावर 1906 साली लंडनच्या रॉयल सोसायटीचं ह्यूज पदक तिला मिळालं. त्याच सोसायटीनं चार वर्षांपूर्वी तिला सभासद करून घ्यायला नकार दिला होता, लग्न झालेल्या बाईला घेता येत नाही म्हणून! शार्लट 1885 साली अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गणिताची प्रमुख म्हणून गेली आणि सुमारे चाळीस वर्षं शिकवत राहिली. मुलींना गणितात डॉक्टरेटपर्यंत नेलं. ऐकू कमी येऊ लागलं तरी शिकवणं सोडलं नाही.

मला एक गोष्ट राहून राहून वाटते. मुलगे एकमेकांना मदत करत नसत असं नाही. पण त्यांच्या यादीत एक पुढं गेला की दुसरा मागं जाणारच. गर्टनच्या मुलींना यादीत जागाच नव्हती, तर सांभाळायचं काय होतं? आमच्या पोरींचं तसं नाही. त्यांचा मेरिट नंबर खराच लागणार आहे. म्हणून शार्लटचं उदाहरण देऊन काकूंना गप्प करणं मला बरोबर वाटत नाही. एवढं मात्र सांगते, क्लबात वेळ घालवून तिचा नंबर खाली गेलेला दिसत नाही. दुसरीला समजावताना आपल्यालाच कुठं अडतं ते कळतं, हे मी गटाच्या बायांना व्याजाचा हिशेब शिकवताना अनुभवलंय.

परीक्षा मिळाली, पदवी नाही. 1890 साली फिलिपा फॉसेट ही न्यूनम कॉलेजची मुलगी सिनियर रँग्लरच्याही वर गेली. तिला पदवी नाही. 1897 साली मतदान झालं, त्यात विद्यापीठानं मोठ्या फरकानं नाही म्हटलं. आपले परांजपे तेव्हा तिथंच शिकत होते. ते मुंबईत धोंडो केशव कर्व्यांकडे राहून शिकलेले, आणि कर्वेही गणिताचेच प्राध्यापक. 1916 साली कर्व्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा परांजपे त्याचे कुलगुरू झाले. केंब्रिजनं बायकांना पदवी दिली ती थेट 1948 साली. शार्लट 1931 मध्ये गेली, हर्था त्याच्याही आधी.

चौघी मुली सध्या एकीच्या ओट्यावर बसतात. डास फार आहेत. काल मी गेले तेव्हा हुशार मुलगी इंटिग्रेशनच्या एका उदाहरणावर अडली होती, आणि ते सोडवून दाखवत होती तिच्याहून कमी मार्कांची मुलगी. खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. बैठक पाच तारखेला आहे. काकू, तुम्ही जरूर या.