थांबलेली तबकडी, चालते यंत्र

यंत्राचे आयुष्य किती, असा प्रश्न केला तर कारखानदार त्याच्या किमतीकडे पाहून उत्तर देईल आणि मिस्त्री त्याच्या सुट्या भागांकडे पाहून. इतिहासाचा कौल बहुधा मिस्त्रीच्या बाजूने पडतो. सांगाडा शाबूत असतो, मोटार चालत असते. एखादाच लहानसा भाग निकामी होतो, आणि तो भाग बनविणाऱ्याने आपले दुकान केव्हाच आवरलेले असते. फ्लॉपी डिस्कच्या बाबतीत जगभरच्या कारखान्यांत नेमके हेच घडले. त्यावर जो उपाय निघाला त्याचे मर्म समजून घ्यावयाचे तर पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरकडे वळावे. कारण हाच प्रश्न तेथे पूर्वी फार मोठ्या रूपाने उभा राहिला होता.

प्रथम फ्लॉपीची कुळकथा. 1971 मध्ये आयबीएम कंपनीने आठ इंची लवचीक तबकडी बाजारात आणली. मोठ्या संगणकाला सुरू होताना लागणाऱ्या सूचना पुरविणे एवढेच तिचे मूळ काम होते. 1976 मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची तबकडीचे यंत्र काढले. पुढे 1980 च्या दशकात सोनीची साडेतीन इंची तबकडी सर्वत्र रूढ झाली. तिच्या प्रचलित प्रकारात दोन बाजू, प्रत्येक बाजूस 80 वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे 18 खंड आणि प्रत्येक खंडात 512 बाइट, म्हणजे एकूण 14,74,560 बाइट मावत. आज मोबाइलमधले एक छायाचित्रही तीत बसणार नाही. तरीही जॅकार्ड मागाची नक्षी, भरतकामाच्या यंत्राचे टाके किंवा लेथवर कातावयाच्या भागाची मापे एवढ्या जागेत सुखाने राहात.

अशी यंत्रे वीस-तीस वर्षे चालावीत याच हिशेबाने घेतलेली असतात. तबकडीला मात्र इतका दम नव्हता. तिच्यावर धूळ बसते, दमट हवेत बुरशी येते. ड्राइव्हचे वंगण वाळते, जुन्या ड्राइव्हमधला रबरी पट्टा सैल पडतो. समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांच्या वाफा जेथे एकत्र येतात तेथे या दुखण्यांना आणखी बळ मिळते. 2011 मध्ये सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबविली, तेव्हा प्रश्न ऐरणीवर आला. लक्षावधी रुपयांचे यंत्र एका क्षुल्लक ड्राइव्हपायी भंगारात घालावयाचे काय? आणि यंत्र गेले की त्यावर ज्याचा हात बसला आहे त्या कारागिराचे काय?

उपाय निघाला तो ड्राइव्हचे सोंग घेणाऱ्या एका डबीचा. तिला एम्युलेटर म्हणतात. आकाराने ती जुन्या ड्राइव्हएवढी, त्याच खाचेत बसणारी. पुढच्या बाजूस पेनड्राइव्हची जागा, दोन बटणे आणि आकडे दाखविणारी लहानशी पट्टी. एका पेनड्राइव्हवर शंभर किंवा त्याहून अधिक फ्लॉपींच्या प्रतिमा राहतात आणि बटण दाबून हवी ती निवडता येते. गंमत आहे ती आतल्या व्यवहाराची. यंत्र सांगते, "पुढच्या मार्गावर सरक". डबीत सरकणारे काही नाही, ती मनात आकडा मोजते. यंत्राला तबकडी फिरत असल्याची खूण हवी असते. खरी तबकडी मिनिटाला 300 फेरे घेई, म्हणून ही डबी सेकंदाला पाच वेळा तीच खूण पाठविते. आत काहीच फिरत नाही, परंतु यंत्राची खात्री पटते आणि ते कामाला लागते.

हे शक्य झाले याचे कारण ड्राइव्ह आणि यंत्र यांमधला सांधा सर्वांना ठाऊक होता. शुगार्टच्या ड्राइव्हला जोडलेली 34 तारांची सपाट पट्टी इतर उत्पादकांनी उचलली आणि तीच जगाची रीत झाली. कोणत्या तारेवर कोणता संकेत येतो हे छापील कागदावर होते. म्हणून मूळ उत्पादक नाहीसा झाल्यावरही चीनमधील कारखान्याला ही डबी बनविता आली, आणि फ्लॅशफ्लॉपीसारखी तिची आज्ञावली हौशी जाणकारांनी लिहून सर्वांना मोफत दिली. जेथे एखाद्या यंत्राने या रीतीत आपल्या पदरचे फेरफार केले, तेथे मात्र मिस्त्रीला एकेक तार तपासत बसावे लागते.

आता तारापूरकडे येऊ. तेथील अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी तत्त्वावर चालू झाले. फ्लॉपीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे, आणि 1963 च्या कराराप्रमाणे समृद्ध युरेनियमही अमेरिकेचे. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर वारे फिरले. 1978 च्या अमेरिकी कायद्याने इंधनाची वाट रोखली आणि सुट्या भागांचीही अडचण झाली. यंत्र धडधाकट होते, पण पुरवठादार पाठ फिरवून बसला. त्यावेळी उपयोगी पडले ते सांध्याचे ज्ञान. 36 नळ्यांच्या इंधन-जुडग्याचे माप अणुभट्टीने ठरविलेले. ते जुडगे हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनू लागले होते. त्यामुळे युरेनियम फ्रान्सहून आले, पुढे चीनहून आले, त्यानंतर रशियाहून आले, तरी भट्टीला हवा तो आकार तोच राहिला. 1994 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेले मिश्र ऑक्साइडचे इंधनही त्याच मापाने आत गेले. अणुभट्टी आणि फ्लॉपीची डबी यांची जोखीम एका तराजूत तोलता येत नाही. भट्टीत चुकीला क्षमा नाही. परंतु दोन्हीकडे तारणारी गोष्ट एकच: जेथे भाग जोडला जातो त्या जागेची बिनचूक माहिती आपल्या हाती असणे.

1978 मध्येच आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, तेव्हाही या माहितीची कसोटी लागली. देशभर विखुरलेली तिची यंत्रे सांभाळण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीने उचलले आणि यंत्रे चालत राहिली. जे दुरुस्ती शिकले होते त्यांना मालक गेल्याचे भय उरले नाही.

तथापि या डबीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती ड्राइव्हची जागा घेते. तबकडीवरचा मजकूर आपोआप तिच्यात येत नाही. जुना ड्राइव्ह चालू आहे तोवरच प्रत्येक फ्लॉपीची नक्कल उतरवून घ्यावी लागते. मूळ उत्पादक उरला नसेल तर त्या यंत्राच्या सूचनांची तबकडी पुन्हा मिळत नाही, आणि ती गेली की नवी डबी रिकाम्या पेटीसारखी. म्हणून कारखान्यात पहिला खर्च डबीवर न करता नकला घेण्यावर करावा. लाल पेनाने नाव लिहिलेल्या, कपाटाच्या तळाशी पडलेल्या त्या तबकड्यांत कोणा कारागिराच्या कित्येक वर्षांच्या खटपटीचे फळ साठलेले असते.

अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाने आपल्या आठ इंची फ्लॉपी 2019 मध्ये बदलल्या. जपान सरकारने फ्लॉपीची सक्ती करणारे नियम 2024 मध्ये काढून टाकले. तेव्हा जुने यंत्र सांभाळणे हे केवळ गरिबाचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये. नवे यंत्र घेताना त्याचे सांधे उघडे आहेत की कुलूपबंद, त्यांचे नकाशे आपल्याला मिळणार की नाही, हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागेल. तो प्रश्न खरेदीच्या दिवशी विचारला तर त्याला किंमत पडत नाही. वीस वर्षांनी विचारला तर उत्तर देणारा कोणी उरलेला नसतो.